साइट बंद, बिल अडकले: वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे

प्रश्न : वकीलताई, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे छोटे वर्कशॉप आहे. भायलीजवळच्या दोन टॉवरच्या स्कीमचे स्लायडिंग आणि व्हेंटिलेटरचे काम जून २०२३मध्ये घेतले. पहिली दोन आरए बिले (काम होईल तशी लावायची चालू बिले) वेळेवर मिळाली, तिसरे अर्धे मिळाले, चौथे पूर्ण अडकले. एकूण ३१ लाख ६० हजार येणे आहे, ५ टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) वेगळे. २०२५च्या होळीनंतर साइट बंद. बँकेने पुढचा हप्ता रोखला असे बिल्डर सांगतो आणि पैसे मागितले की ‘दिवाळी पछी’, म्हणजे दिवाळीनंतर. नाहीतर पैशांऐवजी एक टूबीएचके घे म्हणतो. माझ्याकडे ९० फ्रेम तयार पडून आहेत. बिल्डरने कापून, कडा घासून घ्यायला दिलेली त्याची काचही माझ्याकडेच आहे. वर्क ऑर्डर त्याच्या एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी फर्मच्या) लेटरहेडवर, चेक मात्र दुसऱ्याच कंपनीचे. भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, “मामा, मेकॅनिक्स लीन लाव, इमारत विकून पैसे मिळतात.” ते आपल्याकडे कसे लावायचे? की सरळ टेम्पो घेऊन जाऊ आणि शटर काढून आणू?
— एक खिडकीवाला, मकरपुरा

उत्तर : टेम्पो घरीच ठेवा, भाऊ. आणि भाचा म्हणतो ते लीन, म्हणजे कामाच्या पैशांपोटी इमारतीवरच चढणारा हक्क, आपल्याकडे लावता येत नाही.

भाचा खोटे बोलत नाही. तो राहतो त्या राज्याच्या घटनेतच हा हक्क लिहिलेला आहे. अमेरिकेत याची सुरुवात १७९१ साली मेरिलंडमध्ये झाली. वॉशिंग्टन शहर तेव्हा उभे राहत होते आणि उधारीवर काम करायला कारागीर सहज मिळत नव्हते. ज्याने वास्तू उभी केली त्याला त्या वास्तूवरच हक्क द्या, म्हणजे तो उधारीवरही येईल, असा रोकडा हिशेब होता. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५मध्ये जागा विकणाऱ्याला बाकी किमतीपुरता त्या जागेवर बोजा मिळतो. बांधणाऱ्याला, वायरिंग करणाऱ्याला, खिडक्या बसवणाऱ्याला मिळत नाही. बँक तारणावर पैसे देते, ग्राहकाच्या पाठीशी रेरा आहे, आणि ज्याच्या हातांनी इमारत वर आली तो मात्र कायद्याच्या लेखी नुसता उधार देणारा. मला ही मोठी उणीव वाटते. पण कायदा बदलेपर्यंत थांबायला तुम्हाला सवड नाही, तेव्हा हातात काय आहे ते बघू.

तुमचा माल तीन ठिकाणी अडकलाय आणि तिन्हीकडे तुमची पकड वेगवेगळी आहे. भिंतीत बसलेल्या फ्रेम आणि साइटवर चलन सही करून उतरवलेली शटर विसरा. ताबा गेला की विक्रेत्याचा माल अडवून ठेवायचा हक्कही जातो. रात्री जाऊन ती उचललीत तर सकाळी तुमच्याच नावाने चोरीची फिर्याद होईल, आणि मग बिल्डरला पैसे न देण्याचे नवे कारण मिळेल.

वर्कशॉपमधल्या ९० फ्रेमची गोष्ट वेगळी. दर बसवण्यासकट ठरलेला असेल तर त्या सहसा अजून तुमच्याच. नुसती विक्री असेल, तरी १९३०च्या माल विक्री कायद्याने किंमत मिळेपर्यंत त्या रोखता येतात, आणि रीतसर नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून दुसऱ्याला विकताही येतात. फक्त एक बघा. ‘वर्कशॉपमध्ये तयार माल’ म्हणून त्या फ्रेमचे पैसे एखाद्या बिलात आधीच घेतले असतील तर मामला उलटतो. आता तुम्ही म्हणाल, त्या मापाच्या फ्रेम दुसरीकडे बसणार कुठे? भंगाराच्या भावानेच जातील. बरोबर आहे, पण याच कारणाने त्या तुमच्या कामाच्या आहेत. हे टॉवर उद्या कोणीही पुरे केले, बिल्डरने, बँकेने आणलेल्या नव्या विकासकाने किंवा ग्राहकांच्या मंडळाने, तरी त्या मापाच्या फ्रेम तयार फक्त तुमच्याकडे आहेत आणि शॉप ड्रॉइंगही तुमच्याकडेच. नवा माणूस आला की त्याच्याशी बोलायला जागा उरेल, म्हणून त्या घाईने वितळवायला देऊ नका.

काच बिल्डरची. तिथे १८७२च्या करार कायद्याचे कलम १७० लागते. दुसऱ्याच्या वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य लावले, की त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याने मजुरी मिळेपर्यंत ठेवला तर ते योग्य. लगेच पुढचे उदाहरण शिंप्याचे. कोट शिवून झाला की देतो आणि पैशांना ३ महिने थांबतो, असे कबूल करणाऱ्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. म्हणून वर्क ऑर्डरमधली उधारीची अट आधी वाचा. शिवाय काच अडवायची ती काचेच्या मजुरीपुरती. ३१ लाखांसाठी नाही. लेखी कळवा, काच नीट ठेवा, वापरू नका.

आता पैशांकडे वळू. सगळ्यात आधी उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) कागद शोधा आणि तारीख बघा. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख काहीही ठरवली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. चुकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अर्ज ऑनलाइन करता येतो. याच कायद्याखालची फॅसिलिटेशन कौन्सिल आधी समेटाचा प्रयत्न करते, जमले नाही तर लवादाकडे जाते. तुमच्या बाजूने निवाडा झाला आणि बिल्डरला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल तर त्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. तुमच्यासारख्याला हे कलम सोन्याचे. ४५ दिवसांच्या पुढे थकवलेली बिले प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, हा नियमही १ एप्रिल २०२४पासून लागू आहे. त्याच्या सीएला तो पाठ असेल. तुमच्या नोटिशीत त्याचा उल्लेख असू द्या.

अडचणी दोन. नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी की नाही, हा पहिला वाद. आधीचीच हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिला, पण २०२५मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. आणि माल व मजुरी एकत्र असलेले वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. बिल्डरचा वकील हे दोन्ही मुद्दे काढणारच. तुमच्या बिलात फ्रेम पुरवण्याचा आणि बसवण्याचा दर वेगळा दाखवला असेल तर तो कागद वर ठेवा.

मग चेक. बिल्डरने पुढच्या तारखेचे चेक दिले असतील, ते अजून वैध असतील आणि वटले नाहीत, तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तुम्हाला तक्रारीला एक महिना. अनेक लोक ‘परत भर, या वेळी नक्की’ या बोलण्यावर हा काळ घालवतात. चेक दुसऱ्या कंपनीचा असला तरी चेक न वटण्याचे कलम १३८ चेक देणाऱ्याला लागते, म्हणून इथे ती कंपनी तुमच्या तावडीत येते. दिवाणी दाव्यात मात्र वर्क ऑर्डर ज्याची त्याच्यावर दावा. एकाच ऑफिसात तीन पाट्या असल्या तरी कायद्याला त्या तीन व्यक्ती दिसतात. दुसऱ्या कंपनीने आधीच्या बिलांचे पैसे दिले त्या नोंदी बँक स्टेटमेंटमधून काढून ठेवा.

दावा कमर्शिअल कोर्टात जाईल, कारण बांधकामाचा वाद आहे आणि रक्कम ३ लाखांच्या वर. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावेच लागते, त्याशिवाय दावा दाखल होत नाही. मुदत साधारणपणे काम केल्यापासून ३ वर्षे. ‘दिवाळी पछी’मध्ये दोन दिवाळ्या जातात, तिसरीला मुदत संपते. त्याआधी त्याच्या सहीचे खाते-कन्फर्मेशन (एवढी बाकी देणे आहे असा कागद) मिळाले तर ३ वर्षे नव्याने मोजली जातात. अजून बोलणी चालू आहेत तोवर हा कागद चहा पिता पिता मागून घ्या. आणि तुमचा २६एएस (तुमच्या नावे भरलेल्या टीडीएसचे आयकर खात्याचे पत्रक) काढून बघा. अडकलेल्या बिलांवर त्याने टीडीएस कापून भरला असेल तर ती रक्कम त्याने स्वतःच्या वहीत तुमच्या नावे जमा धरली होती, हे दाखवायला चांगला पुरावा आहे.

‘दाव्याआधीच इमारत जप्त करून द्या’ असा आग्रह माझ्याकडे येणारा प्रत्येक ठेकेदार धरतो. बिल्डर तुम्हाला बुडवायच्या हेतूने मालमत्ता विकतोय किंवा हलवतोय हे दाखवता आले तरच ते होते. विनातारण येणे या वाटेने तारणाचे करून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केले आहे. गुजराती पेपरात जाहीर नोटीस देऊन जागेवर कसलाही बोजा चढत नाही. चार ग्राहक बिचकतात, बिल्डर बदनामीची धमकी देतो, जाहिरातीचे पैसे तुमचे जातात.

दिवाळखोरीच्या कायद्याखाली एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) अहमदाबाद पीठाकडे स्वतः जायला येणे किमान १ कोटी हवे. मार्च २०२०पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. तुम्ही बसत नाही. पण बँक त्या एलएलपीला तिथे नेऊ शकते, आणि तसे झाले की बाहेरचे सगळे दावे जागच्या जागी थांबतात. मग पेपरात आलेल्या जाहीर सूचनेतल्या मुदतीत फॉर्म बी भरून तुमचे येणे नोंदवावे लागते. रांगेत तुम्ही बँकेच्या आणि फ्लॅटधारकांच्या मागे असाल, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणून त्या टूबीएचकेचा प्रस्ताव झटकून टाकू नका. मात्र साध्या अलॉटमेंट लेटरवर बिले मिटवलीत तर दोन्ही हात रिकामे. नोंदणीकृत बानाखत (विक्रीचा करार) हवे. त्यात तुमच्या कोणत्या बिलांची किती रक्कम किमतीपोटी वळती केली ते लिहिलेले हवे, आणि प्रोजेक्टवर कर्ज आहे म्हणून बँकेची त्या फ्लॅटपुरती लेखी ना-हरकत हवी. ती बँकेच्या शाखेतून खात्री करून घ्या, बिल्डरच्या झेरॉक्सवर जाऊ नका. गुजरेराच्या संकेतस्थळावर त्या स्कीमचे कर्ज, विकलेले-न विकलेले फ्लॅट आणि तिमाही अहवाल दिसतात. तोच फ्लॅट आधी कोणाला दिलेला नाही ना, हे नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्समध्ये शोधून घ्या. बानाखत झाले की खिडकीवाला म्हणून असलेली मागची जागा सोडून तुम्ही फ्लॅटधारकांच्या रांगेत जाता. बँक पुढचे पैसे रोखते त्या दिवसांत एवढे पदरात पडले तर मी कमी म्हणणार नाही.

प्रश्न : ताई, आमचे जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टाइल बसवण्याचा धंदा करतात. मुख्य ठेकेदाराखाली एका चार मजली इमारतीचे काम केले. कर्ज देणाऱ्या बँकेने पैसे बंद केले, साइटला जाळी लागली आणि ६४ हजार डॉलर राहिले. लेक फोनवर सारखे लीन-लीन म्हणते आणि रडते. मला मराठीत नीट सांगा, म्हणजे मी तिला धीर देऊ शकेन.
— मांजलपूरची एक आई

उत्तर : मावशी, धीर द्या, पण आधी तिच्याकडून तारखा मागवा. तिथे हक्क मोठा आहे आणि मुदती फार आखूड.

पहिली तारीख काम सुरू केल्याची. जावई पोटठेकेदार, म्हणून काम सुरू केल्यापासून २० दिवसांत त्यांनी मालकाला, मुख्य ठेकेदाराला आणि कर्ज देणाऱ्याला प्राथमिक नोटीस द्यायला हवी होती. उशिरा दिली असेल तर नोटिशीच्या मागच्या २० दिवसांपासूनचेच काम धरले जाते. दिलीच नसेल तर सहसा पुढचे सगळे अडते.

दुसरी तारीख काम थांबल्याची. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत लीन काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवायचे, फ्रीमाँटसाठी अलामेडा काउंटीत. मजेची गोष्ट अशी की अर्धवट इमारतही कायद्याने ‘पूर्ण’ होते: सगळी साइट सलग ६० दिवस बंद राहिली की ती पूर्ण धरतात. मात्र ३० दिवस बंद राहिल्यावर मालकाने काम थांबल्याची नोटीस नोंदवली, तर पोटठेकेदाराला तिथून फक्त ३० दिवस उरतात. म्हणून कोणी ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणाले तर ऐकू नका, मालकाने काय नोंदवले ते रेकॉर्डरकडे बघायला सांगा.

लीन नोंदवले म्हणजे पैसे आले असे होत नाही. नोंदवल्यापासून ९० दिवसांत कोर्टात वसुलीचा दावा लावायचा, आणि दाव्यानंतर २० दिवसांत दावा चालू असल्याची नोंद जागेवर करायची. दावा वेळेत लागला नाही तर लीनची किंमत शून्य. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण नोंदणीचा शिक्का हातात आला की माणूस निवांत होतो.

आणि बँकेने पैसे बंद केले असताना खरा प्रश्न रांगेचा. साइटवर डोळ्यांना दिसेल असे काम सुरू होण्याआधी बँकेचे गहाणखत नोंदलेले असेल तर बँक पुढे. एकदा काम सुरू झाले की त्यानंतर नोंदलेल्या गहाणखतापुढे सगळ्या कामवाल्यांची लीन जातात. टाइल शेवटी लागली तरी जावयांना पहिल्या फावड्याचा फायदा मिळतो. म्हणून तिथल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या गहाणखत नोंदवायच्या आधी रिकाम्या प्लॉटचे फोटो काढून ठेवतात. बँक पुढे असेल आणि तिने जागा लिलावात काढली, तर मागची लीन जागेवरून पुसली जातात. वर काही पैसे उरले तरच आशा.

अशा वेळी मी लेकीला दुसरे हत्यार विचारायला सांगेन: पैसे रोखण्याची नोटीस थेट कर्ज देणाऱ्याला. ती जागेवर चढत नाही, कर्जातल्या अजून न दिलेल्या रकमेला पकडते. रकमेच्या सव्वापट बाँडसह दिली तर कर्ज देणाऱ्याला त्याच्या हातात उरलेल्या पैशातून तेवढे बाजूला ठेवावे लागते. त्याने बांधकामाचे कर्ज मध्येच थांबवले आहे, म्हणजे न दिलेले पैसे असण्याची शक्यता बरी आहे. लीन आणि ही नोटीस, दोन्ही बरोबर करता येतात.

मालक दिवाळखोरीत गेला तर वसुली थांबते, पण हक्क जिवंत ठेवायची नोटीस देता येते. आणि नाजूक गोष्ट, पण विचारायलाच हवी: जावयांचा ठेकेदारीचा परवाना सगळ्या कामभर चालू होता ना? विनापरवाना केलेल्या कामाचे पैसे कॅलिफोर्नियात मागता येत नाहीत, मिळालेलेसुद्धा परत द्यावे लागू शकतात. होय असेल तर याच आठवड्यात तिथला बांधकामाचा वकील गाठायला सांगा. माझ्या उत्तरावर फॉर्म भरू नका.

प्रश्न : वाघोडिया रोडच्या एका थांबलेल्या स्कीममध्ये आम्ही ८० टक्के पैसे भरले आहेत, बानाखत नोंदलेले आहे. इलेक्ट्रिकचा ठेकेदार म्हणतो, माझे पैसे बिल्डरने बुडवले, तुम्ही सगळ्यांनी मिळून द्या, नाहीतर तुमच्या फ्लॅटवर बोजा चढवीन. चढवू शकतो का?
— एक फ्लॅटधारक

उत्तर : नाही. वर खिडकीवाल्या भाऊंना सांगितले तेच कारण. बानाखत झाल्यावर बिल्डरलासुद्धा तुमचा फ्लॅट नव्याने गहाण टाकता येत नाही. टाकला तरी रेराच्या कलम ११मुळे तुमच्या हक्काला बाध येत नाही.

पण त्या माणसाला हाकलू नका. तुमचे मंडळ नोंदवा. प्रोजेक्टची नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेले काम घेण्याचा पहिला हक्क रेराच्या कलम ८ने ग्राहकांच्या मंडळाला मिळतो, आणि तेव्हा कोणत्या पाइपातून कोणती वायर गेली हे सांगणारा तोच असेल. जुनी थकबाकी तुमच्या डोक्यावर घेऊ नका. उरलेल्या कामाचा नवा दर, नवी वर्क ऑर्डर, पैसे मंडळाच्या खात्यातून, आणि जुन्या येण्यासाठी मंडळाला किंवा सभासदांना धरणार नाही असे त्याच्या सहीचे लिहून घ्या. हातात रोख मात्र कोणी एकट्याने देऊ नका. तुम्ही बिल्डरला द्यायचे उरलेले २० टक्के तसेच राहतात आणि दिलेल्या रकमेची वजावट मागायला तुमच्याकडे कागद नसतो.